उभ्या गाडीचं भाडं

माझं लहानपण सोलापुरात यंत्रमागांच्या गल्लीत गेलं. तिथे झोप लागायची ती मागांच्या खडखडाटात, आणि जाग यायची ती एखादा माग बंद पडला की. वडील दुसऱ्याच्या कारखान्यात चादरी विणायचे. मालकानं कर्ज काढून माग घेतले होते. वीज गेली, सूत वेळेवर आलं नाही, कारागीर गावी गेला, काहीही झालं आणि माग थांबला की मालकाचा चेहरा उतरायचा. वडील घरी येऊन म्हणायचे, ‘‘माग थांबला तरी व्याज थांबत नाही.’’ पुढे बी.ए.ला असताना अर्थशास्त्राची जाडजूड पुस्तकं चाळली. पण या वाक्याच्या फार पुढे मी गेलो, असं काही म्हणता येणार नाही.

आज हेच वाक्य रेल्वेच्या रुळांवर ठेवून पाहायचं आहे.

रेल्वेगाडीची आणि आपली ओळख आपल्या प्रवासापुरती असते. आपलं स्टेशन आलं की आपण उतरतो, सामान मोजतो, रिक्षावाल्याशी घासाघीस करतो आणि गाडीला विसरून जातो. आपण उतरल्यावर ती गाडी पुढे काय करते, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. रेल्वेच्या जमाखर्चात मात्र हा फार मोठा प्रश्न आहे.

आधी एक शब्द समजून घेऊ. इंजिन सोडून गाडीच्या डब्यांची जी सलग माळ असते, तिला रेल्वेत ‘रेक’ म्हणतात. गाडीचं नाव आणि नंबर ही नुसती पाटी. खरी वस्तू म्हणजे रेक. एकाच रेकवर दिवसातून दोन-तीन पाट्या लागू शकतात. सकाळी तो एका नावानं धावतो, दुपारी दुसऱ्या. कुठला रेक कुठून कुठे जाईल, तिथे किती वेळ थांबेल आणि मग कुठली गाडी म्हणून निघेल, याची एक साखळी रेल्वेचे लोक बसवतात. छापील वेळापत्रकात ती दिसत नाही. पण तिच्याच जोरावर ते उभं असतं.

दोन ओळखीच्या गाड्या घेऊ.

पहिली आपली दख्खनची राणी. १ जून १९३० रोजी ती सुरू झाली. सकाळी सव्वासातला पुण्याहून निघते, १० वाजून २५ मिनिटांनी मुंबईत पोचते. संध्याकाळी ५ वाजून १० मिनिटांनी मुंबई सोडते आणि साडेआठच्या आत पुण्यात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पासधारकांनी तिच्यात आयुष्य काढलं. आता हिशेब करा. जाताना तीन तास दहा मिनिटं, येताना तीन तास पंधरा मिनिटं. दिवसाच्या चोवीस तासांपैकी राणी धावते साडेसहा तासांपेक्षाही कमी. उरलेले साडेसतरा तास उभी. दिवसाला प्रवास १९२ किलोमीटर जाऊन आणि तेवढाच येऊन, म्हणजे ३८४.

दुसरी इंद्रायणी. तोच मार्ग, तोच घाट. पहाटे पावणेसहाच्या सुमारास ती मुंबईहून निघते आणि नऊच्या सुमारास पुण्यात येते. लोक उतरतात, आणि अर्ध्या तासात तोच रेक पुणे-सोलापूर इंटरसिटी म्हणून आमच्या गावाकडे जात आला आहे. दुपारी दीडच्या आसपास सोलापूर. तिथेही अर्धाच तास. मग परत पुणे, आणि साडेसहानंतर पुन्हा इंद्रायणी होऊन रात्री दहाच्या सुमारास मुंबई. दिवसाला नऊशे किलोमीटरच्या वर.

एक राणी, एक कष्टकरीण. आम्हा सोलापूरकरांना दिवसाउजेडी पुण्याला नेणारी गाडी मिळाली ती आमच्यासाठी कुणी नवे डबे बांधले म्हणून नव्हे. मुंबईच्या एका रेकला पुण्यात दिवसभर उभं राहण्याऐवजी काम दिलं गेलं, म्हणून.

आता पैशांकडे वळू. हिशेब सोपा व्हावा म्हणून एक रेक ५० कोटी रुपयांचा धरू आणि त्याचं आयुष्य २५ वर्षांचं. व्याज सध्या बाजूला ठेवू. म्हणजे वर्षाला दोन कोटी, दिवसाला सुमारे ५५ हजार, तासाला सव्वादोन हजारांहून जास्त. रेक धावो की उभा राहो, हा खर्च पडतच असतो. आता त्यात हजार माणसं बसतात असं समजू. दिवसात एक जाणं आणि एक येणं झालं, तर दोन हजार प्रवासी. प्रत्येकाच्या वाट्याला डब्यांच्या किमतीचे सुमारे २७ रुपये आले. त्याच रेकनं अशा दोन फेऱ्या केल्या, तर प्रवासी चार हजार आणि वाटा १४ रुपयांच्याही आत. डबे तेच, कर्ज तेच. माणसं दुप्पट झाली.

इथे एक सावधगिरी हवी. फेऱ्या वाढल्यानं सगळाच खर्च वाटला जात नाही. वीज प्रत्येक फेरीला लागते. लोको पायलट आणि गार्ड लागतात. या गार्डना रेल्वे हल्ली ट्रेन मॅनेजर म्हणते. झाडलोट, पाणी भरणं प्रत्येक फेरीला आहे. चाकं झिजतात, ब्रेक झिजतात. डबा वर्षांनी म्हातारा होतो, तसाच किलोमीटरनीही होतो. म्हणून जादा फेरी करावी की नाही, याची कसोटी अशी: या फेरीतून येणारे तिकिटाचे पैसे, या फेरीसाठीच लागणाऱ्या खर्चापेक्षा जास्त आहेत का? असतील, तर रेक उभा ठेवणं हा तोटा. नसतील, तर तो धावडवणं हा तोटा. आमच्या गल्लीतला मालकही हेच करायचा. सुताची किंमत चादरीच्या किमतीवर गेली की तो स्वतःच माग बंद ठेवायचा.

डिसेंबर २०२४ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं, की प्रवासी सेवेवर शंभर रुपये खर्च होतात तेव्हा तिकिटातून ५४ रुपये येतात. उरलेल्याची भर रेल्वे इतरत्र करते. त्यात मालगाड्यांच्या कमाईचा वाटा मोठा असतो. हे ऐकून कुणी म्हणेल, मग जितक्या गाड्या जास्त तितका तोटा जास्त! पण ते तितकं सरळ नाही. त्या शंभर रुपयांत रूळ आहेत, स्टेशनं आहेत, कार्यालयं आहेत आणि उभ्या असलेल्या डब्यांचं न दिसणारं भाडंही आहे. जो रेक एरवी उभाच राहणार होता, त्याला एक भरलेली फेरी दिली तर हे जुने खर्च वाढत नाहीत. ५४ रुपयांत ती फेरी स्वतःचा खर्च भागवून चार पैसे मागे टाकूही शकते. म्हणजे तोट्याच्या कारणांमध्ये गाड्यांचं धावणं जितकं आहे, तितकंच त्यांचं नुसतं उभं राहणंही आहे.

मग प्रश्न येतो, राणीला दुपारी का पळवत नाहीत? मुंबईत ती पावणेसात तास थांबते. पुण्याला जाऊन यायला लागतात सहा तास पंचवीस मिनिटं. कागदावर बसतं की!

कागदावर वीस मिनिटं उरतात. त्या वीस मिनिटांत दोन ठिकाणी गाडी रिकामी करायची, झाडायची, पाणी भरायचं, इंजिनाची सोय करायची. पुण्याकडे येताना कर्जतला मागून ढकलणारी जादा इंजिनं जोडावी लागतात, कारण बोरघाटात ३७ फूट पुढे गेलं की एक फूट चढ आहे. त्या घाटात दुपारी रूळही मोकळा हवा. तिथे इतर गाड्या आणि मालगाड्या रांगेत असतात. हे सगळं जमलं असं धरलं, तरी एखाद्या दिवशी लोणावळ्यात अर्धा तास मोडला की संध्याकाळची राणी मुंबईहून अर्धा तास उशिरा सुटणार. दमून स्टेशनवर आलेला पासधारक ते कसं सहन करील?

तिसरी अडचण माणसांच्या वेळेची आहे. दहाच्या कचेरीला पोचवणारी गाडी सगळ्यांना हवी. सकाळी आठला सगळे रेक एकदम लागतात, दुपारी दोनला तितके लागत नाहीत. पण डबे विकत घ्यायचे ते सकाळच्या गर्दीच्या मापानं. लग्नातल्या पंगतीसाठी आणलेली भांडी वर्षभर माळ्यावर राहतात, तसं काहीसं हे आहे. म्हणून राणीचं उभं राहणं सगळंच आळसाचं नाही. मुंबईच्या कचेऱ्यांच्या वेळेची ती किंमत आहे.

साखळी फार घट्ट बांधली की काय होतं, ते मी एकदा पाहिलं. एका जंक्शनवर रात्री बसलो होतो. गाडी तिथूनच सुटणारी. घोषणा झाली, गाडी अडीच तास उशिरानं सुटेल. शेजारी एक म्हातारी बोचकं मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, ‘‘अरे बाबा, गाडी हितनंच निघती न्हवं? मग तिला उशीर कसा हुतोय?’’ प्रश्न बिनतोड होता. उत्तर असं, की गाडीची पाटी इथली होती, पण रेक अजून दुसऱ्या कुठल्या तरी गाडीच्या नावानं दोनशे किलोमीटर मागे होता. तो आला, त्यातली माणसं उतरली, घाईघाईनं झाडू फिरला आणि आम्ही चढलो. एका गाडीचा उशीर दुसरीनं वारशात घेतला. साखळीत जागोजागी थोडी ढील ठेवतात ती यासाठी. तो वेळ वाया गेल्यासारखा दिसतो, पण दुसऱ्या गाडीचा वक्तशीरपणा त्यावर टिकून असतो.

ही ढील आणि वेग यांचं गणित किती नाजूक असतं, हे कोकण रेल्वेवर दर पावसाळ्यात दिसतं. मुंबई-मडगाव वंदे भारत २७ जून २०२३ रोजी सुरू झाली. कोरड्या दिवसांत ती पहाटे ५ वाजून २५ मिनिटांनी मुंबईहून सुटते, पावणेआठ तासांत मडगावला पोचते, तिथे दीडेक तास थांबते आणि रात्री साडेदहाच्या आत मुंबईत परत. रात्रीचे सात तास देखभालीला मिळतात. एका रेकवर आठवड्यातून सहा दिवस जाणं-येणं होतं.

पावसाळ्यात कोकणात गाड्यांचा वेग कमी करतात. दरडी आहेत, मातीच्या खोल कापण्या आहेत, आणि जोराचा पाऊस असेल तर ताशी ४० किलोमीटरच्या वर जायचं नाही असा नियम आहे. तो योग्यच आहे. त्यामुळे पावणेआठ तासांचा प्रवास दहा तासांचा होतो. आता त्याच दिवशी परत यायचं म्हटलं, तर मुंबई गाठेपर्यंत रात्रीचे तीन वाजतील, आणि पहाटे साडेपाचला पुन्हा निघायचं! डबे धुवायचे कधी, चाकं-ब्रेक तपासायचे कधी? म्हणून पावसाळी वेळापत्रकात ही गाडी एका दिवशी जाते आणि दुसऱ्या दिवशी परत येते. आठवड्याच्या सहा फेऱ्यांच्या तीन होतात.

हे नीट लक्षात घ्या. प्रवासाचा वेळ वाढला तीस टक्के, पण फेऱ्या घटल्या पन्नास टक्के. एक रेक एका दिवसात घरी परत येऊ शकतो की नाही, या उंबऱ्यावर सगळं अडलेलं असतं. उंबऱ्याच्या अलीकडे दहा मिनिटं वाचली तरी उपयोग नाही, आणि उंबरा ओलांडायला अर्धा तास कमी पडला तर नवा रेक विकत घ्यावा लागतो. रेल्वेचा वेग वाढवण्याचं महत्त्व आपण ‘लवकर पोचलो’ एवढ्यानं मोजतो. खरा फायदा कित्येकदा असतो तो त्याच डब्यांत जास्त माणसं नेता येण्याचा. सोलापूरच्या मार्गावर भिगवणच्या पुढे कित्येक वर्षं एकेरी रूळ होता. समोरच्या गाडीला वाट द्यायला आमची गाडी एखाद्या छोट्या स्टेशनात थांबायची, आणि खिडकीतून आम्ही ज्वारीची शेतं बघत बसायचो. आता दुहेरीकरण झालं. त्या थांबण्यातून वाचलेली मिनिटं ही प्रवाशांची तशीच रेकचीही कमाई आहे.

मिनिटं वाचवायचा दुसरा मार्ग म्हणजे शेवटच्या स्टेशनवरचा वेळ कमी करणं. जुन्या पद्धतीत गाडी पोचली की इंजिन सोडायचं, ते फिरवून किंवा दुसरं आणून उलट्या टोकाला जोडायचं. मुंबईच्या लोकलला हा त्रास नाही, कारण तिला दोन्ही टोकांना चालकाची खोली आहे. विजेवर धावणारी अशी पहिली लोकल ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला धावली. मोटरमन एका टोकाला उतरतो, दुसऱ्या टोकाला दुसरा तयार असतो, आणि काही मिनिटांत तीच गाडी उलटी निघते. मध्य आणि पश्चिम रेल्वे मिळून आज रोज लोकलच्या तीन हजारांहून जास्त फेऱ्या होतात, त्या यामुळेच. वंदे भारतची बांधणी याच तत्त्वावर आहे. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या अमृत भारत गाड्यांना पुढे-मागे दोन्हीकडे इंजिनं आहेत, त्यातही हा फायदा आहे.

आणि मग झाडू. जपानमध्ये टोकियो स्टेशनवर शिंकान्सेन गाडी बाराएक मिनिटं थांबते. उतरायला-चढायला लागणारा वेळ सोडून सफाईला सात मिनिटं मिळतात. एवढ्यात माणसं सीटा फिरवतात, कचरा उचलतात, फरशी पुसतात आणि उतरून प्रवाशांना वाकून नमस्कार करतात. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून वंदे भारतसाठी १४ मिनिटांच्या सफाईची योजना सुरू झाली. या कामाकडे आपण हलकं काम म्हणून बघतो. पण हातात झाडू घेतलेली ती बाई आणि तो पोऱ्या, कोट्यवधींच्या रेकची वेळ वाचवत असतात. त्यांना मिळणाऱ्या पगारात या बचतीचा वाटा किती, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या पुस्तकात सहसा येत नाही, म्हणून इथे विचारून ठेवतो.

कारण सतत धावण्याचा मोह वाईट असतो. रेक धावला की पैसा दिसतो. तपासणी नीट झाली की काहीच दिसत नाही, फक्त अपघात होत नाही. लांबच्या गाडीचा रेक आपल्या मूळ डेपोत आला की त्याला पिट लाइनवर घेतात. तिथे रुळांखाली चर असते. माणूस त्यात उभा राहून खालून चाकं, स्प्रिंगा, ब्रेक एकेक करून बघतो. या कामाला काही तास लागतात आणि ते तास तोडून चालत नाही. शिवाय ठरावीक काळानं डब्यांना माटुंग्यासारख्या कारखान्यात पूर्ण तपासणीसाठी जावंच लागतं. रुळांचंही तसंच. मुंबईकर रविवारच्या मेगाब्लॉकला शिव्या देतो. पण आठवडाभर ज्या रुळांवरून मिनिटामिनिटाला गाड्या गेल्या, त्यांना हात लावायला तेवढाच वेळ मिळतो. आणि डबे दिवसभर धावू शकतील, पण त्यांना चालवणारा माणूस तसा चालणार नाही. त्याला पाळी आहे, झोप आहे, घर आहे. रेकची साखळी बसवताना माणसांची साखळी वेगळी बसवावी लागते, आणि ती ताणली तर सिग्नलवरचा लाल दिवा वेळेवर दिसत नाही.

म्हणून उभ्या गाडीकडे बघून लगेच हळहळू नये, आणि लगेच समाधानही मानू नये. विचारावं, की ही विश्रांती आहे की रिकामपण? तपासणीसाठी उभी आहे, उशिराच्या भीतीनं राखून ठेवली आहे, कचेरीची वेळ व्हायची आहे, की केवळ तिच्यासाठी कुणी काम शोधलेलं नाही?

आपल्या लहान गावांसाठी हा प्रश्न फार कामाचा आहे. प्रवासी संघटना निवेदन घेऊन जातात, आम्हाला सकाळची गाडी द्या. उत्तर येतं, ‘रेक उपलब्ध नाही.’ मंडळी हिरमुसून परत येतात. पुढच्या वेळी जाताना वेळापत्रक घेऊन जावं. जवळच्या मोठ्या स्टेशनवर कुठली गाडी सकाळी येते आणि संध्याकाळपर्यंत यार्डात थांबते, ते शोधावं. तिच्या देखभालीचे तास वजा करावेत, उशिरासाठी तासभर सोडावा, आणि उरलेल्या वेळात आपल्या गावी जाऊन परत येणं बसतं का, हे मांडावं. बसत नसेल तर तसं आपल्यालाच कळेल. बसत असेल, तर मग ‘रेक नाही’ हे उत्तर कुणाला देता येणार नाही. पुणे-सोलापूर इंटरसिटी ही अशाच अर्ध्या-अर्ध्या तासांच्या हिशेबातून निघालेली गाडी आहे. तिच्यातून आमची मुलं परीक्षांना गेली, रुग्ण पुण्याच्या दवाखान्यांत गेले, व्यापारी चादरींचे नमुने घेऊन गेले.

जाता जाता पुन्हा गल्लीत जाऊ. माग थांबला की मालकाचा चेहरा उतरायचा, हे मी सुरुवातीला सांगितलं. पण आठवड्यातून एकदा वडील स्वतःच माग थांबवायचे. कापसाची तूस झाडायचे, सांध्यांत तेल सोडायचे, सैल झालेले बोल्ट आवळायचे. मालक दारात उभा राहून बघायचा. तेव्हाही व्याज चालूच असायचं. पण त्या वेळी तो घाई करायचा नाही; उलट घरून चहा मागवायचा.